झेंडूचा हार आणि तेलाचा थेंब

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या पालीस सकाळपासून जो देखावा दिसतो, तो महाराष्ट्रातील कोणत्याही गावी दिसणारा आहे. बीडहून सोलापूरच्या बाजूस जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. त्यांजवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतले जाते. मग साबणाचा फेस, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, हँडलास लिंबूमिरची. ज्या यंत्रावर आपली रोजची भाकर अवलंबून आहे त्यास वर्षातून एकदा हात जोडावेत ह्यात गैर काहीच नाही. लोहाराच्या ऐरणीस आणि कुणब्याच्या नांगरास ज्या श्रद्धेने फूल वाहिले जाते तीच श्रद्धा मोटारसायकलीपर्यंत पोहोचली, हे मला तरी आपल्या समाजाच्या रसिकतेचे लक्षण वाटते. तक्रार करावयाची ती पूजा आटोपल्यावर काय होते ह्याविषयी. ओली साखळी तशीच सोडून मंडळी जेवावयास जातात आणि चार दिवसांत तिजवर तांबूस थर चढतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी हटकून जाता जाता उभ्या गाड्यांच्या साखळ्यांस बोट लावून पाहिले. बोट काळे झाले ते फार थोड्या ठिकाणी. बहुतेक ठिकाणी ते तांबडेच झाले. हाराची वाळलेली फुले मात्र हँडलावर तशीच होती.

हा आळस अडाण्यांचा आहे असे कोणी समजू नये. दुधाचे कॅन अडकवून पहाटे बीड गाठणारा गवळी आपल्या गाडीची साखळी, ब्रेक आणि टायर नीट पाहून निघतो, कारण गाडी वाटेत बसली तर दूध नासते. अनास्था आहे ती आम्हा शिकलेल्यांची. आम्ही गाडी घेतो तेव्हा रंग पाहतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता किती ते काढतो. पण मागचे चाक काढावयाचे झाल्यास कोणता पाना लागेल, हे विचारणे आम्हांस कमीपणाचे वाटते. घरातील मुलास बारावी झाल्याबद्दल गाडी बक्षीस मिळते, आणि तीबरोबर आलेले पुस्तक डिकीच्या पिशवीतून थेट रद्दीत जाते.

हे मी उंच आसनावर बसून सांगत आहे असे वाटू नये म्हणून स्वतःची फजिती आधी सांगतो. लहानपणी वडिलांच्या सायकलीवर नळीखालून पाय घालून हाफ-पायडल मारीत मी सायकल शिकलो. पुढे ती माझ्याकडे आली तेव्हा एकदा डावे पायडल खिळखिळे झाले. बदलावे म्हणून पाना घेऊन बसलो आणि सर्व जगाचे स्क्रू ज्या दिशेने सुटतात त्या दिशेने जोर लावू लागलो. पायडल सुटेना. मी आणखी जोर केला, पान्यास लोखंडी नळी घालून केला. आणि अखेर आटे मोडले. सायकलीच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, पाय मारताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून मुद्दाम तसे केलेले असतात, ही गोष्ट मला त्या दिवशी दुकानातील चौदा वर्षांच्या पोराने सांगितली. मी तेव्हा बी. ए.स इंग्रजी घेतले होते आणि मिल्टन वाचीत होतो.

दुसरी फजिती चाळिशीनंतरची. मांजरसुंब्याच्या घाटात मोटारसायकलीची साखळी उतरली आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. सुदैवाने वेग कमी होता. गाडी ढकलीत आणून फाट्यावरील मिस्त्रीकडे दिली, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: “सर, गाडीसंगं पुस्तक आलं होतं की, ते कधी उघडून पाह्यलं का?” जन्मभर दुसऱ्यांस पुस्तके उघडावयास सांगणारा मी निरुत्तर झालो. त्याच दुपारी त्याने मला साखळी पाहावयास शिकविले. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, चाक हाताने फिरवीत जावे, जेथे साखळी सर्वांत ताठ होते तेथे थांबावे आणि खालच्या बाजूस मधोमध ती बोटाने वरखाली करून पाहावी. साधारण अडीच-तीन सेंटिमीटर खेळ असावा. गाडीगणिक थोडा फरक पडतो, तो पुस्तकात छापलेला असतो. आमचे लोक साखळी वाजू लागली की ती तारेसारखी ताठ करून घेतात. त्याने बेअरिंग जाते, दाते झिजतात, आणि खर्च दुप्पट होतो. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपे बसते. शिवाय चाक मागे सरकले की मागच्या ड्रम-ब्रेकची दांडी ताणली जाते. म्हणून साखळीनंतर ब्रेकचा खेळ पुन्हा जुळवावा लागतो. हे शेवटचे वाक्य मिस्त्रीने दोनदा सांगितले. कारण विचारता म्हणाला, ब्रेक घासत राहून ड्रम तापलेल्या गाड्या त्याच्याकडे नेहमी येतात आणि त्यांच्या मालकांस वाटते की पेट्रोलात भेसळ आहे.

ह्यावर आमच्या एका सहाध्यापकांचे म्हणणे असे की, ज्याचे काम त्याने करावे. प्राध्यापकाने शिकवावे, मिस्त्रीने पाना फिरवावा, श्रमविभाग हाच संस्कृतीचा पाया होय. युक्तिवाद जुना आहे आणि दिसावयास भारदस्तही आहे. परंतु वैद्य गावात आहे म्हणून तोंड धुणे कोणी सोडत नाही. श्रमविभागाचा अर्थ अवघड काम जाणत्याने करावे एवढाच आहे; आपल्याच चाकात हवा आहे की नाही हे पाहण्यास जाणत्याची गरज नसते. आणि खरे सांगावयाचे तर ह्या युक्तिवादाच्या पोटात श्रमविभाग नाहीच, हात मळण्याची लाज आहे. लिहिणारे हात आणि घडविणारे हात निराळ्या घरांत जन्मतात, अशी आमची शतकांची समजूत. तिला अर्थशास्त्राचा अंगरखा चढविला म्हणून ती नवी होत नाही.

ह्या समजुतीस ज्याने धक्का दिला तो मनुष्य सायकलीच्या दुकानातूनच पुढे आला, ह्याची आठवण किती जणांस आहे? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि बंधू रामुअण्णांनी त्या बेळगावी विकाव्या असा क्रम होता. सायकलीची किंमत सातशे रुपयांच्या पुढे, आणि ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे. बेळफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले तेही १८८८ सालीच, एवढी ही वस्तू तेव्हा नवी होती. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत घालावी लागली. आणि औंधकरांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अमेरिकेतील राइट बंधूंचेही तसेच. त्यांनी डेटन गावी १८९२ साली सायकलींचे दुकान घातले, आणि १९०३ साली जे विमान उडविले त्यात त्याच दुकानातील विद्या होती. त्याचे पंखे इंजिनापासून साखळीनेच फिरत. अशी माणसे उद्या पालीस निपजतील असे मी म्हणत नाही. परंतु पाना हाती घेतल्याने पदवी बाटते, ही भीती तरी ह्या उदाहरणांनी जावयास हरकत नव्हती.

दुसरे एक सुशिक्षित मत अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे. ते जेरोम के. जेरोमच्या आधारे मांडले जाते. त्याच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्री मेन ऑन द बमेल’ ह्या पुस्तकात एक उत्साही गृहस्थ लेखकाची चांगली चालणारी सायकल तपासावयास घेतो, पुढचे चाक काढतो, छर्रे वाटेवर घरंगळतात, साखळीची वाताहत होते, आणि सायकल दुरुस्त करणे व सायकल चालविणे हे दोन निरनिराळे छंद असून एका माणसास दोन्ही साधत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. मी तो भाग वर्गात वाचून दाखविला आहे आणि मुलांबरोबर हसलो आहे. परंतु ज्या देशात घरोघरी असा उपद्व्यापी गृहस्थ होता तेथला तो विनोद आहे. आमच्याकडे तो आणून त्याच्या आडोशास बसणे म्हणजे उपाशी माणसास अजीर्णाचे तोटे सांगण्यासारखे आहे.

ह्याहून आम्हांस लागू पडणारे पुस्तक रॉबर्ट पर्सिगचे. १९६८ साली त्याने मोटारसायकलीवरून केलेल्या प्रवासावर ते आधारलेले असून १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल होते. लेखक म्हणतो, बियरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मध्ये बसवितो, घट्ट होईल. आणि मित्रास तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. वस्तुतः ॲल्युमिनियमचा तो मऊ, न गंजणारा पत्रा त्या कामास अगदी योग्य होता. मित्रास धातू दिसत नव्हता, डबा दिसत होता. आमच्या घरोघरी हा मित्र बसलेला आहे. (पत्र्याचा हा दाखला देऊन कोणी वाटेल त्या ठिकाणी सुतळी आणि टायरचे तुकडे बांधू लागेल तर त्यास मात्र माझा पाठिंबा नाही. साखळीस खोबरेल किंवा गोडेतेल घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते तेल काही दिवसांत चिकटते, धूळ धरते आणि तिचे खरकागदासारखे लुकण होते. तसेच ज्या साखळीत रबराच्या कड्या असतात ती पेट्रोलने धुवू नये. कड्या खराब होतात.)

अलीकडे तिसराच सूर ऐकू येतो: आता हे सारे शिकून काय उपयोग, गाड्यांत संगणक आला! १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, हे खरे. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढणे संपले. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण साखळी, टायर, ब्रेक आणि क्लचची तार ह्यांतून संगणक जात नाही. राहिला प्रश्न त्या बंद पेटीचा. तिचा दोष कोणता हे सांगणारे उपकरण आणि माहिती विकणाऱ्याने आपल्यापाशीच ठेवावी, आणि खेड्यातील मिस्त्रीने दिव्याची उघडझाप पाहत बसावे, ही व्यवस्था निसर्गनियम नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले आणि त्यात वाहनांचाही वर्ग ठेवला. उत्तम झाले. परंतु ज्या गिऱ्हाइकाने छापील पुस्तकच कधी उघडले नाही, तो कोणता हक्क कोणाकडे मागणार? मागणीस आधी कुतूहल लागते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास बसलो ती सांगतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. आईबाप ऊसतोडीस जाणारे. गाडी घरी आली त्याच आठवड्यात त्याने मागच्या चाकावरील साडीगार्ड काढून टाकले. त्याने गाडी म्हातारी दिसते, असे मित्रांचे मत पडले. ते जाळे शोभेचे नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने ते आवश्यक ठरविले आहे; मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, मागच्यास धरावयास कडी व ठेवावयास पायदाणी असावी, असे तो नियम सांगतो. पायदाणी आणि कडी मुलाने ठेवली होती. एके दिवशी आईस बीडच्या बाजारास नेताना तिचा पदर चाकात गेला. मागून ट्रक नव्हता म्हणून ती वाचली. खांदा मोडला तो मात्र पूर्ववत झाला नाही; हात खांद्यावर जात नाही.

बीड जिल्ह्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकांस ठाऊक नसेल. त्याने तोडावयाचे, तिने मोळी बांधून डोक्यावरून वाहावयाची. दिवाळीपूर्वी घेतलेली उचल दोघांच्या मजुरीतून फिटते. त्या हंगामात तो कोयता अर्धा झाला आणि उचल अंगावर राहिली. गाडीचा हप्ता थांबला नाही. हा मुलगा तीन वर्षे माझ्यासमोर बसला होता. मी त्यास कीट्स शिकविला, वर्ड्‌स्वर्थ शिकविला, आणि रोज त्याची गाडी महाविद्यालयाच्या आवारात उभी असताना तिच्याजवळून गेलो. उघडे चाक मला दिसले नव्हते असे नाही. ते आपण बोलावयाचे बोलणे आहे असे मला वाटले नाही.

मुलांना पहिल्या वर्षी एक दिवस गाडीची साखळी, ब्रेक आणि हे जाळे दाखवावे, फाट्यावरचे मिस्त्री शिकवावयास बोलवावे, अशी सूचना मी आमच्या बैठकीत मांडली तेव्हा ती वेळापत्रकात बसेना. विषय कोणत्या विभागाचा हेही ठरेना. एका विदुषीबाईंनी मात्र आपल्या स्कूटीच्या टायरात हवा किती असावी हे तेथेच विचारले, आणि ते कोणास सांगता येईना. अखेर त्या उठून बाहेर गेल्या व स्कूटीवरच चिकटविलेला कागद वाचून आल्या.

त्या मुलाच्या घरी मी नंतर गेलो. काढलेले साडीगार्ड त्याने फेकून दिले नव्हते. ते माळवदावर, आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून होते. मिस्त्री बरोबर होताच. मुलाने ते पुसले, मिस्त्रीने बोल्ट दिले, आणि दहा मिनिटांत ते बसले. आई ओसरीवर बसून पाहत होती.