योगाचा तास नको, बोजा उतरवा!

मीरा रोड, भाईंदर, काशिमीरा, उत्तन इथल्या पालकांनो, मुख्याध्यापकांनो, संस्थाचालकांनो,

5 सप्टेंबरला शिक्षकांच्या हातात गुलाब पडतो, भाषणं होतात. त्याच रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या नमुन्यात माहिती उद्या 10 वाजेपर्यंत पाठवावी.’ माहिती मागच्याच महिन्यात दिलेली असते. रकाने तेवढे बदललेले.

महापालिकेची शाळा असो की सोसायट्यांच्या मधोमध उभी चकाचक इंग्रजी शाळा, आतली माणसं पिचली आहेत. विरार-नालासोपाऱ्याहून लोकलला लटकत आलेल्या बाई सातच्या ठोक्याला मस्टरवर सही करतात. मग एकामागून एक तास, कुणी रजेवर असलं तर प्रॉक्सी, मोकळा तास मिळालाच तर तो पोर्टलवर माहिती भरण्याला. वह्या आणि टाचण घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. शिपाईमामा, मावशी, ऑफिसातले क्लार्क यांची गत तर कुणी विचारतही नाही.

हे पिचणं ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे. कामावर साचत गेलेल्या, कुणी न निस्तरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन उठणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या त्याच्या तीन खुणा. शाळेत त्या फसव्या दिसतात. टाचण वेळेवर असतं, पोर्टल भरलेलं असतं. सुटतं ते मुलांकडे बघणं. मागच्या बाकावरचा पोरगा आठ दिवस गप्प आहे हे एरवी दारातूनच हेरणाऱ्या बाईंना ते दिसेनासं होतं. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, खडू पडला तरी ओरडा निघतो, ‘काय फरक पडतो?’ हे वाक्य तोंडी बसतं. वर्गाला हे आधी कळतं, मुख्याध्यापकांना सगळ्यात शेवटी.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी शनिवारी ‘तणावमुक्ती शिबिर’ भरतं. हजेरी सक्तीची! म्हणजे सुट्टीचा अर्धा दिवसही गेला. श्वास सोडायला शिकवणाऱ्यांवर आमचा राग नाही, पण छातीवरचा धोंडा कोण उचलणार?

शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 27 म्हणतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. तरी जानेवारी 2024 मध्ये मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षक घरोघर फिरले. याच कायद्याच्या परिशिष्टात आठवड्याचे किमान 45 तास लिहिले आहेत, तयारीचा वेळ धरून. तयारी हे कामच आहे, हे कायद्याला कळतं. वेळापत्रक करणाऱ्याला कळत नाही.

खासगी शाळांत आणखी एक धाक आहे: ‘जमत नसेल तर सोडा, रांग लागली आहे.’ खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा स्वतंत्र कायदा आहे, शाळा न्यायाधिकरण आहे. पण दर एप्रिलला नेमणुकीचं नवं पत्र घेणारी बाई न्यायाधिकरणाचं नाव काढेल कशी? म्हणून ती आजारी असतानाही येते.

आमचं मागणं साधं आहे. संध्याकाळी 6 नंतर निरोप नको, पालकांचेही नकोत. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका. पोर्टलला वेगळा माणूस नेमा. रोज एक तास खरोखर मोकळा ठेवा. रजा मागणाऱ्याला पुरावा विचारण्याआधी ‘काय झालं?’ विचारा. ज्याचं आज निभत नाही, त्याने टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा; तो मोफत आहे, रात्रीही लागतो. फोन केला म्हणून कुणाची नोंद सेवापुस्तकात होत नाही.

पालकांनो, येत्या पालकसभेत सहलीच्या पैशांआधी तीन प्रश्न विचारा. या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती? मागच्या वर्षी किती जणांनी नोकरी सोडली? आमच्या मुलांच्या बाईंना आठवड्यात मोकळे तास किती? उत्तर लेखी मागा.

— शाळेत काम करणारे काही जण