‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ : पण त्या सर्व्हरला नेमकं झालेलं असतं काय?

अहिल्यानगरहून सोलापूरकडे निघालं की वाटेत मिरजगाव लागतं. कर्जत तालुक्यातलं मोठं, बाजारपेठेचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं बँकेच्या, रेशनच्या, सातबाऱ्याच्या कामाला इथं येतात. आणि राज्यातल्या अशा कुठल्याही गावात ऐकू येणारं एक वाक्य इथल्या लोकांनाही पाठ असतं : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

या वाक्यावर वाद घालता येत नाही. साहेब जागेवर नाहीत म्हटलं तर फोन लावता येतो, शिक्का सापडत नाही म्हटलं तर थांबता येतं. सर्व्हर मात्र दिसतही नाही आणि त्याला फोनही लागत नाही. मग एका दिवसाची मजुरी बुडवायची, जाण्यायेण्याचं भाडं पुन्हा भरायचं आणि उद्या परत रांगेत उभं राहायचं.

तर हा सर्व्हर असतो कुठं, आणि ‘डाऊन’ होतो म्हणजे त्याचं काय होतं?

आधी बघू, बिघाड खरंच सर्व्हरचा आहे का

खिडकीपलीकडचा माणूस ज्याला सर्व्हर म्हणतो, तो बऱ्याचदा सर्व्हर नसतोच. गावातली लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी संपली, राउटर अडकला किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर केबल तोडली, तरी कारण एकच सांगितलं जातं. सोपं आहे ना!

हे ओळखायची साधी युक्ती आहे. तीच वेबसाइट स्वतःच्या मोबाइलवर, वेगळ्या कंपनीच्या नेटवर उघडून बघा. उघडली तर बिघाड गावातला आहे. नाही उघडली, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्यांकडेही तीच रड असेल, तर गडबड पलीकडं आहे. स्क्रीनवर ५०३ हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ साधारण असा, की तुमची मागणी पलीकडं पोहोचली, पण तिथल्या यंत्रणेला आत्ता ती पेलत नाही. काहीच उत्तर न येता चक्र फिरतच राहिलं तर मधली वाट बंद असेल किंवा पलीकडचं यंत्रच.

पलीकडं म्हणजे कुठं? बँकेच्या शाखेतल्या कॉम्प्युटरमध्ये तुमचं खातं नसतं. ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतं, शाखेतला कॉम्प्युटर ही फक्त खिडकी. सरकारी कामांचंही तसंच. केंद्र सरकारच्या एनआयसीची जी राष्ट्रीय डेटा सेंटर्स आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात आहे.

कपाटातलं यंत्र

डेटा सेंटरमध्ये लोखंडी कपाटं असतात, त्यांना रॅक म्हणतात. आतली यंत्रं बसवायची रुंदी १९ इंच, आणि उंचीत साधारण ४२ खण. एक खण पावणेदोन इंचाचा. त्यात ड्रॉवरसारखे आडवे सरकवलेले चपटे कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. आपल्या घरच्या कॉम्प्युटरचेच हे भाऊबंद : प्रोसेसर, रॅम, डिस्क, पंखे. फरक एवढाच, की यात बऱ्याच गोष्टी जोडीनं असतात, आणि सगळी गंमत (आणि सगळा धोका) त्या जोडीतच आहे.

सर्व्हरच्या मागच्या बाजूला सहसा दोन पॉवर सप्लाय असतात. बाहेरच्या २३० व्होल्टचं रूपांतर आतल्या १२ व्होल्टमध्ये करणारे हे डबे. दोघं मिळून भार उचलतात, पण एक मेला तर दुसऱ्यानं एकट्यानं सगळं ओढायचं असा हिशोब असतो. मेलेला डबा यंत्र चालू ठेवूनच ओढून काढता येतो आणि नवा सरकवता येतो. रांगेतल्या माणसाला काही कळतही नाही.

अडचण नेमकी इथंच आहे. रांगेतल्या माणसाला कळत नाही, तसं सांभाळणाऱ्यालाही कळत नाही. एक डबा गेला की मागचा हिरवा दिवा पिवळट होतो किंवा विझतो. यंत्र चालू, वेबसाइट चालू, तक्रार कुणाची नाही. तो दिवा कुणी पाहिलाच नाही तर सर्व्हर महिनोन्‌महिने एका पायावर उभा राहतो. मग एक दिवस दुसराही जातो आणि लोक म्हणतात, अचानक बंद पडला. अचानक कसला!

दुसरा प्रकार त्याहून हसू येण्यासारखा. दोन पॉवर सप्लाय आहेत, पण दोघांच्या वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या. खरं तर एक वायर ‘अ’ लाइनवर आणि दुसरी पूर्णपणे वेगळ्या ‘ब’ लाइनवर हवी, आणि दोन्ही लाइनींचे यूपीएससुद्धा वेगळे. एका पट्टीचा ब्रेकर पडला की जोडीचा उपयोग शून्य.

यातून एक गोष्ट लक्षात येते : ताण वाढला की यंत्र वीजही जास्त ओढतं. म्हणजे एका पायावर उभा असलेला सर्व्हर शांत दिवशी पडणार नाही. तो पडेल मुदतीच्या शेवटच्या दिवशी. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा पोर्टलवर झुंबड उडाली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. तिथं मुख्य प्रश्न गर्दीचा होता, वीजपुरवठ्याचा नव्हे. पण आपल्याकडच्या यंत्रणांवर एकाच दिवशी केवढा भार पडतो, हे त्यातून दिसतं.

बंद पडलेल्या सर्व्हरला इंजिनिअर कसा हात लावतो

सगळ्यात आधी तो काहीच उघडत नाही. वायर घट्ट बसली आहे का, पट्टीत वीज आहे का, ब्रेकर पडलाय का, हे बघतो. विनोद वाटेल, पण सैल वायर हे कारण मोठमोठ्या ठिकाणीही सापडतं.

मग पॉवर सप्लायचे दिवे. दिवाच नाही, तर वायर दुसऱ्या लाइनवर लावून बघायची आणि तरीही नाही तर डबा बदलायचा. दिवा हिरवा आहे पण यंत्र उठत नाही, म्हणजे संशय आतल्या भागांवर. सर्व्हरमध्ये एक छोटी स्वतंत्र चिप असते. मुख्य यंत्र बंद असलं तरी नुसत्या वायरच्या विजेवर ती जागी असते, आणि कुठल्या वेळी कुठला भाग कुरकुरला याची नोंद ठेवते. विमानाचा ब्लॅक बॉक्स म्हणा ना. चांगला इंजिनिअर स्क्रू ड्रायव्हरच्या आधी ही नोंदवही उघडतो.

तिथंही काही सापडलं नाही तर वायरी काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यायची. मग यंत्र कमीत कमी भागांवर आणायचं : एक प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, जादाची कार्डं सगळी बाहेर. एवढ्यावर उठलं तर एकेक भाग परत लावत जायचं. ज्या भागापाशी पुन्हा बंद पडेल, चोर तोच. आपल्याकडचा वायरमन घरातला फॉल्ट शोधताना एकेक खोली तोडत जातो, तीच पद्धत.

सर्व्हर चालू आहे पण मधूनच स्वतःहून रीस्टार्ट होतोय, तर पंखे, धूळ, तापमान आणि रॅम बघायचे. डिस्कची गोष्ट वेगळी. डिस्कही जोडीनं किंवा गटानं असतात आणि एक गेली तरी काम चालतं. पण तिच्या जागी नवी टाकून माहिती पुन्हा भरताना उरलेल्या डिस्कवर ताण येतो, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर मामला गंभीर. म्हणून डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या जागी, शक्यतो वेगळ्या शहरात हवा.

मोठ्यांचंही असंच होतं

डेटा सेंटरमधल्या बिघाडांचा दरवर्षी अभ्यास करणारी अपटाइम इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. तिच्या पाहण्यांमध्ये मोठ्या बिघाडांच्या कारणांत वीज वर्षानुवर्षं वरच्या नंबरावर राहिली आहे. हॅकिंगची बातमी होते, बॅटरीची होत नाही.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. २१ नोव्हेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेचं इंटरनेट बँकिंग आणि पेमेंट बंद पडलं. कारण होतं मुख्य डेटा सेंटरमधला वीजपुरवठा खंडित होणं. त्याआधीच्या दोन वर्षांतही बँकेच्या डिजिटल सेवा कोलमडल्या होत्या. २ डिसेंबर २०२० ला रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला : नवीन डिजिटल उपक्रम थांबवा, नवीन क्रेडिट कार्ड ग्राहक घेणं थांबवा. देशात सर्वाधिक क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेला हा आदेश होता. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेले निर्बंध मार्च २०२२ मध्ये.

२७ मे २०१७ ला लंडनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं डेटा सेंटर असंच बंद पडलं आणि सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. कंपनीच्या म्हणण्यानुसार वीज जाण्यापेक्षा जास्त नुकसान ती पुन्हा बेशिस्तपणे जोडल्यानं झालं. गावात लाईट परत येताना टीव्ही, मोटारी जळतात, तसंच काहीसं.

आणि दक्षिण कोरियाचं प्रकरण तर सरकारांनी भिंतीवर लावून ठेवावं असं. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची साठवण जळाली, ८५८ टेराबाइटची. तिचा बाहेर कुठंही बॅकअप नव्हता. वीज गेल्यावर वाचवायला बसवलेल्या बॅटरीनंच घर जाळलं.

मग मिरजगावच्या रांगेतल्या माणसानं विचारायचं काय?

इथं माझं सरळ म्हणणं आहे. एचडीएफसीच्या वेळी वर एक नियामक होता. त्यानं कारण विचारलं, शिक्षा दिली, आणि ते कारण तुम्हाआम्हालाही कळलं. रेशनचं ई-पॉस मशीन बंद पडतं तेव्हा असं काही होत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यभर ई-पॉसचा सर्व्हर रडत होता, दुकानदार आणि कार्डधारक दोघंही वैतागले, आणि शेवटी सरकारनं ऑफलाइन धान्य वाटायची परवानगी दिली. परवानगी चांगलीच. पण लोकांपर्यंत पोहोचला तो ‘तांत्रिक अडचण’ एवढाच शब्द. कुठला भाग गेला, जोडीचा दुसरा का चालला नाही, हे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सांगायला गेलं नाही.

यंत्र बिघडणारच. डबे मरतात, पंखे झिजतात, नेहमीच्या लेड-ॲसिड यूपीएस बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत थकतात. त्याबद्दल राग नाही. जोडीतला दुसरा भाग वेळच्या वेळी तपासला जातो का, हा प्रश्न आहे, आणि तपासणीची नोंद ही कागदावरची गोष्ट असते. ती मागता येते.

माहिती अधिकारात विचारायचं तर प्रश्न नेमके हवेत. ही सेवा अमुक महिन्यात किती तास बंद होती? प्रत्येक वेळी नोंदवलेलं कारण काय? यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या? पूर्ण भार टाकून जनरेटरची चाचणी शेवटची कधी घेतली? देखभालीच्या करारात सेवा बंद राहिल्याबद्दल दंडाची तरतूद आहे का, आणि आजवर किती दंड वसूल झाला? यंत्रं कुठल्या खोलीत आहेत वगैरे विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन अख्खा अर्ज बाजूला ठेवायला तेवढं निमित्त पुरतं.

फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज ऑनलाइनही करता येतो, अर्थात सर्व्हर चालू असेल तर. नाहीतर कागदावर लिहून १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला अर्जही चालतो. त्याची पोच मात्र हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.