धक्का अरुंद, तर गलबत खोळंबते

उल्हास नदीच्या खाडीकाठी घोडबंदर गाव आहे. परदेशातून आणलेले घोडे इथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आता गलबत कितीही वेगाने येवो. धक्क्यावर एका वेळी एकच घोडा उतरत असेल, तर बाकीचे गलबतातच उभे राहणार. जुन्या संगणकालाही असे एक बंदर असे. त्याचे नाव सिरियल पोर्ट.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. तेव्हा माहिती टेलिफोनच्या तारेवरून मोडेम नावाच्या पेटीत येई आणि तिथून सिरियल पोर्टमार्गे संगणकात उतरे. एक बाइट, म्हणजे इंग्रजीचे एक अक्षर समजा. ते या पोर्टातून जायला दहा बिट लागत : आठ अक्षराचे, एक सुरुवातीचा, एक शेवटचा.

हिशेब करून पाहू. मोडेम ३३,६०० चा, पण पोर्टचा वेग ९,६०० वर ठेवलेला. मग सेकंदाला ९६० अक्षरांपुढे मजल जात नसे. दहा लाख अक्षरांना सतरा मिनिटांहून अधिक वेळ लागे. पोर्टचा वेग वाढवला की तेच काम पाचेक मिनिटांत होई. वरच्या बारा मिनिटांचे टेलिफोन बिल फुकट, आणि दोष मात्र लाइनला!

पोर्टचा आकडा मोडेमच्या आकड्याहून मोठा, ५७,६०० किंवा १,१५,२००, ठेवावा लागे. कारण मोडेम साधा मजकूर दाबून लहान करी आणि या टोकाला पुन्हा उलगडी. मात्र फार जुन्या संगणकाच्या पोर्टात एकाच बाइटला जागा असे. वेग जास्त झाला, तर पहिले अक्षर उचलण्याआधी दुसरे येऊन पडे आणि माल वाया जाई. पुढे १६५५० जातीच्या चिपमध्ये सोळा बाइटांची जागा झाली, तेव्हा हा वेग झेपू लागला.

ते दिवस गेले, पण हिशेब तोच आहे. आज घरी ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतला आणि राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असेल, तर पदरात १०० पेक्षा जास्त पडणार नाही. म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरचे पोर्ट किती वेगाचे आहे, ते विचारून घ्या. विहिरीवर मोठा पंप बसवून पुढे एक इंची पाइप आपण जोडतो का? मग इथेच पैसे का घालवावेत?