साखळी म्हणजे कुंपण नव्हे

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उजळाईवाडी या बाजूंच्या वसाहतींतून फेरफटका मारला, तर दर काही फाटकांनंतर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी दिसते. पाटी लावली की आपले काम संपले, असे अनेक मालकांना वाटते. पण पाटी सावध करते ती रस्त्याने जाणाऱ्याला. फाटकाची कडी नीट लागली नाही, भिंत बुटकी निघाली किंवा साखळीची कडी झिजून तुटली, की तीस-पस्तीस किलोचे जनावर रस्त्यावर येते. मग दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, शाळेतून परतणारी पोरे आणि खुद्द तो कुत्रा या सगळ्यांचाच जीव दैवावर सोडलेला असतो. उजळाईवाडी किंवा गोकुळ शिरगावात तर पुणे-बंगळूर महामार्ग उशाशीच आहे.

असे काही घडले की चर्चा जातीवर घसरते. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींवर बंदीची सूचना राज्यांना केली. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द ठरवले. या वादात मूळ प्रश्न बाजूला पडला. कुत्रा कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो कुठे आणि कसा ठेवला आहे, यावर शेजाऱ्यांची सुरक्षितता जास्त अवलंबून असते. जातीवर बंदी घातल्याने कोणाच्याही कंपाउंडची उंची एक वीतही वाढत नाही.

कायद्याने ही जबाबदारी आधीच मालकावर टाकलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यातला 'संभाव्य' हा शब्द महत्त्वाचा. कुत्रा चावेपर्यंत वाट पाहावी, असे कायदा म्हणत नाही.

मोठे आणि पळणारे कुत्रे या भागाला नवे नाहीत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोट पट्ट्यात कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या जोपासनेला आश्रय दिला, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारा. दूरवर ससा हलला की तो धावतो आणि एकदा धावू लागला की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. त्याची मान जवळजवळ डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा गळपट्टा तो मान मागे घेऊन सहज काढतो. अशा कुत्र्याला ताण पडताच थोडा आवळला जाणारा रुंद पट्टा किंवा छातीभोवतीचा हार्नेस लागतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, हस्की यांची तऱ्हा वेगळी असली तरी ताकद आणि चिकाटी तीच.

कुत्रा पळतो त्याला 'वांडपणा' म्हणून मोकळे होता येत नाही. कारणे साधारण चार असतात. पहिले, जोडीदाराचा वास. माजावर आलेल्या मादीचा गंध नराला लांबवरून लागतो, आणि तिचा हा काळ सुमारे तीन आठवडे चालतो. दुसरे, भीती. तिसरे, पाठलागाची उपजत ओढ. चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे कंटाळा. उपाय कारणाप्रमाणे बदलतो. फटाक्यांना घाबरून पळणाऱ्या कुत्र्याला जाड साखळी घालणे म्हणजे भीतीत भर घालणे होय.

तरीही पहिला उपाय म्हणून साखळीच पुढे येते, कारण ती स्वस्त असते. साखळीने कुत्रा जागेवर राहतो, सुरक्षित राहतोच असे नाही. भिंतीजवळ बांधलेला कुत्रा उडी मारून पलीकडे लटकला, तर त्याला फास बसतो. साखळी खांबाला गुंडाळली गेली की पाण्याचे भांडे दोन हातांवर असूनही तो तहानलेला राहतो. आणि माणसांचे काय? अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील कुत्र्यांवरचा एक अभ्यास १९९४ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चावलेले आणि न चावलेले कुत्रे यांची तुलना केली असता, साखळीला बांधलेल्या कुत्र्यांत चावण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. निर्बीजीकरण न केलेल्यांतही तो अडीच पटींहून अधिक होता. यात एक खाचखळगा आहे. काही कुत्रे मुळात चिडखोर म्हणूनच बांधले गेले असतील, त्यामुळे सगळा दोष साखळीचा असे म्हणता येणार नाही. परंतु साखळी बांधली म्हणजे धोका टळला, हा समज मात्र त्या आकड्यांपुढे टिकत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून अनोळखी माणूस जवळ आला की त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ मध्येही आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हे गुन्हे मानले आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. साखळीपेक्षा दंड स्वस्त पडतो, हे चित्र बदलायला हवे.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी या भागांत आणखी एक धोका आहे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहारावर विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिबट्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. अंगणात रात्री साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेले ताट. अशा ठिकाणी रात्रीपुरता तरी वरून बंद, मजबूत जाळीचा पिंजरा किंवा घरातली जागा हाच उपाय आहे.

मग कुंपण कसे असावे? मोठ्या, चपळ कुत्र्यासाठी सहा फूट ही किमान उंची धरावी. आपल्याकडच्या कंपाउंड भिंती बहुधा चार-पाच फुटी असतात. धावत येऊन पुढचे पंजे भिंतीच्या कडेला अडकवले की असा कुत्रा स्वतःला वर ओढून घेतो. म्हणून भिंतीवर आतल्या बाजूला सुमारे ४५ अंशांत झुकलेल्या लोखंडी अँगलवर जाळी लावावी, किंवा कडेवर तारेतून ओवलेला, सैल फिरणारा पीव्हीसी पाइप बसवावा. पंजा ठेवताच पाइप फिरतो आणि पकड सुटते. भिंतीला टेकून ठेवलेली लाकडे, पाण्याची टाकी, जुनी स्कूटर या त्याच्या पायऱ्या आहेत. त्या आधी हटवाव्यात. भिंतीवर काचा किंवा काटेरी तार लावणे चुकीचे आहे. त्याने कुत्रा थांबत नाही, फक्त फाटतो. शेतात रानडुकरांसाठी वापरतात ते झटका मशीन कुत्र्यासाठी लावणे हेही घातक. पाठलागाच्या भरात तो झटका सोसून बाहेर पडतो, आणि तोच झटका आठवून परत यायला मात्र कचरतो.

खालची बाजू वरच्याइतकीच महत्त्वाची. पावसाळ्यात माती भिजून मऊ झाली की उकरणे सोपे होते. जाळी फूट-दीड फूट जमिनीत गाडावी, किंवा कुंपणाच्या आतल्या बाजूने दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून, कुंपणाला बांधून, वर मुरूम आणि दगड घालावेत. कुत्रा कुंपणाच्या बुडाशीच उकरतो. तिथे नखांना जाळी लागली की प्रयत्न सोडतो. जाळीचे कुंपण असेल तर खालचा तीन-चार फुटांचा भाग पत्र्याने किंवा शेडनेटने झाकावा. समोरून जाणारी प्रत्येक दुचाकी दिसत राहिली की तो दिवसभर चवताळलेला राहतो.

भिंत वाढवायची तर एकदाच पुरेशी वाढवावी. आज चार, पुढच्या महिन्यात साडेचार, मग पाच असे करत गेले, तर मालकच त्याला पायरीपायरीने उंच उडीचे शिक्षण देत असतो. दहा प्रयत्नांत एकदा जरी तो निसटला, तरी त्या एका यशावर तो पुढचे शंभर प्रयत्न करतो. वर्तनशास्त्रात हे नीट तपासले गेले आहे: अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. त्याच न्यायाने, पळून परत आलेल्या कुत्र्याला मारणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्याला पळण्याची नव्हे, परत येण्याची शिक्षा मिळते.

पण कितीही उंच भिंत बांधली तरी फाटक उघडले की ती शून्य होते. गाडी आत घेताना, गॅसचा सिलिंडर येताना, मुले खेळायला धावताना कुत्रा निसटतो. यावर दुहेरी फाटक हा खात्रीचा उपाय आहे. बाहेरचे फाटक लावल्याशिवाय आतले उघडायचे नाही, एवढा एकच नियम घरात पाळायचा. जागा नसेल तर अंगणाचा एक भाग जाळीने वेगळा काढून फाटक उघडताना कुत्रा तिथे ठेवावा. फाटकाखालची फट आणि नाकाने उचलता येणारी कडी हेही तपासावे. त्या जागेत दिवसभर सावली आणि स्वच्छ पाणी हवे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली त्याला कोंडणे जिवावर बेतू शकते.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. पैलवानाला खुराक द्यायचा आणि आखाड्यात उतरू द्यायचे नाही, तर त्याचे काय होईल? रोज दूध-भाकरी, अंडी, मटणाची हाडे आणि चोवीस तास चार हात जागा, असे आयुष्य जगणारा मोठा कुत्रा वाट शोधणारच. संस्थानकाळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळले जात, तेव्हा त्यांच्या दिमतीला स्वतंत्र चित्तेवान असत. वेगवान जनावर ठेवायचे तर त्याच्यासाठी माणसाचा वेळ राखून ठेवावा लागतो, हे त्या काळी गृहीत होते. सकाळ-संध्याकाळ पट्ट्यासह दमदार चाल, मध्ये थांबून वास घेण्याची मुभा आणि रोज थोडे शिकवणे, एवढ्याने कंटाळ्याचा प्रश्न बराच सुटतो.

निर्बीजीकरणाने नराची भटकंती बऱ्याच प्रमाणात कमी होते. मात्र भीतीने पळणाऱ्यावर त्याचा उपयोग नाही. मोठ्या जातींत ते फार लहान वयात केले तर सांध्यांच्या काही तक्रारी वाढू शकतात, असे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यकांच्या २०१३ च्या गोल्डन रिट्रीव्हरवरील संशोधनात दिसले आहे. म्हणून वय पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. गणेश विसर्जनाची डॉल्बी आणि दिवाळीचे फटाके यांच्या रात्री तर कुत्रा अंगणात नसावाच. आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावा. गळ्यात मालकाचा फोन नंबर आणि कातडीखाली मायक्रोचिप असेल, तर चुकलेला कुत्रा घरी परतण्याची आशा राहते.

मळ्यातल्या वस्तीवर 'रात्री सोडला नाही तर राखण कशी होणार?' असा प्रश्न येतो. तो रास्त आहे. पण कुंपणाच्या आत मोकळा कुत्रा आणि रानात मोकाट कुत्रा यांत फरक आहे. ऊसतोडीच्या हंगामात त्याच रानात मजुरांच्या खोपी असतात, लहान मुले उघड्यावर झोपलेली असतात. मालकाच्या राखणीची किंमत त्या मुलांनी का मोजावी? रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा बसताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस, गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन घेणे, हे खोपीतल्या आईला कोण सांगणार? कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचणे हे मालकाचे किमान कर्तव्य आहे.

खर्चाची सबब मात्र पटण्यासारखी नाही. हजारो रुपये मोजून पिल्लू आणणाऱ्याने जाळी, अँगल आणि दुसरे फाटक यांचा हिशेब पिल्लाच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल, तर लहान कुत्रा पाळावा किंवा पाळू नये. महापालिका आणि ग्रामपंचायतींनीही नोंदणी म्हणजे पावती फाडणे एवढ्यावर थांबू नये. मोठ्या कुत्र्याची नोंदणी करताना लसीचा दाखला, मायक्रोचिपचा क्रमांक आणि कुंपण-फाटकाचे छायाचित्र मागावे. एकदा सुटलेल्या कुत्र्याच्या घरी जाऊन भिंत पाहावी, दुरुस्तीला मुदत द्यावी आणि मुदत उलटली तर कलम २९१ वापरावे. एखादे मूल जखमी झाल्यावर त्या कुत्र्याला मारा म्हणून मोर्चा निघतो. त्याआधीच्या तपासणीसाठी लागतो तो एक कर्मचारी आणि मोजायची टेप.