१०२ पदार्थ, शेगड्या पाचच!

सिंथेसायझर वाजवणाऱ्यांकडून एक रडगाणं कायम ऐकू येतं. "प्रोग्राम मोडमध्ये आवाज जबरदस्त होता, कॉम्बीत टाकला की पार मेलेला. पीस खराब निघाला राव!" माझ्या एका मित्राला तर दुकानदाराने चक्क सर्व्हिसिंग करून घ्यायला लावलं आणि त्याचे पैसेही उकळले. अरे, पण बिघडलंय काय?

१९९९ सालचा कॉर्ग ट्रायटन घ्या. इफेक्टचे प्रकार १०२. वा! पण एका वेळी चालणार पाच इन्सर्ट आणि दोन मास्टर. प्रोग्राम मोडमध्ये तुमचा एकटा पियानो या सगळ्यांचा मालक असतो. कॉम्बीत आठ आवाज आणि इन्सर्ट तेच पाच. त्यात कॉम्बीचे इफेक्ट वेगळे, प्रोग्रामचे आपोआप मागे येत नाहीत. १९९४ च्या रोलंड जेव्ही-१०८० मध्ये तर १६ पार्टना मिळून एकच मुख्य इफेक्ट, आणि कोरस-रिव्हर्ब सामायिक! एवढं करूनही लोकांनी त्यावर भरपूर संगीत केलंच.

"कंपनी कंजूष आहे" म्हणणाऱ्यांनी जरा गणित करावं. सेकंदाला ४८,००० सॅम्पल म्हणजे प्रत्येक सॅम्पलला साधारण २१ मायक्रोसेकंद. तेवढ्यात सगळ्या इफेक्टचा हिशोब सरासरीने पूर्ण व्हायलाच हवा. आमच्याकडे वेब सर्व्हर अर्धा सेकंद अडखळला तर फार तर क्लायंटचा मेल येतो, इथे भर कार्यक्रमात स्पीकरमधून 'टक्' येतो. म्हणून बनवणारा सगळ्यात वाईट परिस्थिती धरून जागा मोजूनच देतो. ही कंजुषी नाही, सचोटी आहे. लॅपटॉप तुम्हाला पन्नास प्लगिन टाकू देतो आणि मग खरखरतो. बफर १०२४ सॅम्पल केला की खरखर थांबते, पण आवाज किमान २१ मिलिसेकंद उशिरा. त्यावर फास्ट सोलो वाजवून दाखवा!

माझा राग मर्यादेवर नाहीच, ती लपवणाऱ्यांवर आहे. प्रकार किती ते छातीठोकपणे सांगायचं आणि एकाच वेळी किती हे मॅन्युअलच्या पोटात ठेवायचं. वर्षभराची बचत घालणाऱ्या पोराला काउंटरवर हे कोणी सांगत नाही. यामाहा माँटाज (२०१६) मध्येही १६ पार्टपैकी १२ नाच इन्सर्शन मिळतो. आकडा वाढलाय, प्रश्न तोच आहे.

असो. दुकानात गेलात तर सोलो आवाज ऐकून भुलू नका. तुमचा कार्यक्रमातला खरा सेटअप तिथेच लावायला सांगा. बासला इन्सर्ट बहुधा लागतच नाही, तो काढा. स्ट्रिंग आणि पॅड एकाच कोरसमधून न्या. ऑर्गनचा रोटरी मात्र त्याचा एकट्याचा ठेवा, नाहीतर सगळा बँड गरगरायला लागेल.