मेसेज तिचाच कशावरून?

धाकट्या बहिणीचा मेसेज स्क्रीनवर झळकला की वरचं नाव न वाचताही कळतं, हा तिचाच. प्रत्येक वाक्यामागे तीन टिंबं, जेवलीस का विचारलं तर नुसतं 'ह्म्म', आणि मॅडम चिडलेल्या असतील तर एकही स्मायली नाही. दहावी-बारावीतलं प्रत्येक पोर स्वतःची अशी एक लिपीच खिशात घेऊन फिरत असतं. आपण तिला हसतो, 'नीट लिही की गं बाई' म्हणून झापतो. पण अशाच वेड्यावाकड्या लिपीने एकदा एका खुन्याला पकडून द्यायला मदत केली आहे. खरंच!

गोष्ट इंग्लंडमधली. एसेक्स परगण्यातलं ईस्ट टिलबरी हे गाव. 18 जून 2001, सोमवारची सकाळ. डॅनियल जोन्स ही 15 वर्षांची मुलगी शाळेची बस पकडायला घरातून निघाली आणि परत आलीच नाही. मोबाइल हातात आलेली ती पहिलीच पिढी. व्हॉट्सअॅप नव्हतं, फेसबुक नव्हतं. होता तो एसएमएस. आणि गंमत बघा (गंमत कसली, अंगावर काटा येतो), मुलगी बेपत्ता झाल्यावरही तिच्या फोनवरून मेसेज गेले. कुणाला? नात्यातल्याच एका अंकलला. मी घरी फार अडचणीत आहे, अशा अर्थाचे. म्हणजे पोरगी रुसून पळून गेली आहे, काळजीचं कारण नाही, असंच कुणालाही वाटावं.

पोलिसांना तसं वाटलं नाही. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या.

पहिली, टॉवर. अंकल म्हणत होता, ती गेली त्या वेळी मी अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या एका दुकानात होतो. मोबाइल कंपनीचे रेकॉर्ड वेगळंच सांगत होते. मेसेज गेला तेव्हा पाठवणारा फोन आणि घेणारा फोन, दोन्ही एकाच टॉवरच्या टप्प्यात होते. म्हणजे ज्याला मेसेज आला, तो पाठवणाऱ्याच्या जवळपासच उभा होता. आता जवळ उभ्या माणसाला कुणी एसएमएस करतं का?

दुसरी गोष्ट, ती लिपी. डॅनियलचे आधीचे मेसेज स्मॉल अक्षरांतले असायचे. आणि हा? अख्खा कॅपिटलमध्ये! माल्कम कूल्टहार्ड या भाषेच्या प्राध्यापकाने तिचे जुने मेसेज आणि हे नवे मेसेज शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवून दिला. तिचा फोन वापरून अंकलने स्वतःच स्वतःला मेसेज पाठवले होते, हा सरकार पक्षाचा आरोप. डिसेंबर 2002 मध्ये ज्यूरीने त्याला अपहरण आणि खुनाबद्दल दोषी ठरवलं. जन्मठेप झाली. डॅनियलचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही.

एखादाच योगायोग म्हणाल, तर आणखी एक ऐका. 2005 मध्ये नॉर्थ यॉर्कशरच्या रिचमंड गावातली जेनी निकोल ही 19 वर्षांची मुलगी नाहीशी झाली. तिच्याही फोनवरून नंतर मेसेज येत राहिले. आधीच्या मेसेजमध्ये जेनी 'माय' आणि 'मायसेल्फ' लिहायची. नंतरच्या मेसेजमध्ये त्या जागी 'मी' आणि 'मीसेल्फ' आलं, म्हणजे तिकडच्या बोलीत म्हणतात तसं. आपल्याकडे कायम 'मला' लिहिणारी पुण्याची मुलगी एकदम 'मले' लिहायला लागली तर कान टवकारतीलच ना! संशयिताच्या लिहिण्यात हीच सवय सापडली. 2008 मध्ये त्याला जन्मठेप झाली. इथेही मृतदेह नाही, आणि इथेही साक्षीला कूल्टहार्ड सरच.

या दोन केसेस वाचल्या तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. मशीनने सांगितलं ते एवढंच, की अमुक वाजता, अमुक फोनवरून, अमुक टॉवरखालून मेसेज गेला. हा मेसेज तिचा नाही हे मशीनला कुठून कळणार? त्यासाठी ती कशी लिहिते ते माहीत असणारं माणूस लागतं. तिचे जुने मेसेज जपून ठेवणारं कुणीतरी लागतं.

आता आपल्याकडे या. सिनेमातला इन्स्पेक्टर 'कॉल डिटेल्स निकालो' म्हणतो आणि पुढच्या सीनमध्ये गुन्हेगार हजर! प्रत्यक्षात सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, हा एक कंटाळवाणा तक्ता असतो. कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय नंबर कुठला, कॉल सुरू होताना आणि संपताना टॉवर कोणता. बस्स. काय बोलणं झालं, मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, यातलं काही त्यात नसतं. व्हॉट्सअॅप कॉल आणि चॅट तर या तक्त्यात दिसतही नाहीत. तिथे फार तर इंटरनेट वापराची नोंद मिळते.

तरीही हा तक्ता बोलतो. बेपत्ता होण्याआधीच्या पंधरा दिवसांत एखादा अनोळखी नंबर रोज रात्री साडेअकराला येतोय का? तोच नंबर त्या दिवसापासून एकदम गप्प झालाय का? सिम बदललं तरी हँडसेट तोच असेल तर आयएमईआयवरून नवा नंबर कळू शकतो. शेवटचा टॉवर दादरचा की कर्जतचा, यावरून शोध कुठल्या दिशेने न्यायचा ते ठरतं.

पण टॉवर म्हणजे नकाशावरची टाचणी नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. शहरातल्या दाटीत टॉवरचा टप्पा काही शे मीटरचा असतो, गावाकडे तोच काही किलोमीटरचा होतो. जवळचा टॉवर बिझी असेल तर फोन लांबचा पकडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पत्ता फोनचा असतो, मुलीचा नव्हे. फोन ट्रेनमध्ये विसरलेला असू शकतो, दुसऱ्याच्या खिशात असू शकतो.

फोनच्या नोंदीचा चुकीचा अर्थ किती छळतो, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. तेही इंग्लंडमधलंच, आणि आमच्या धंद्याची मान खाली घालणारं. मार्च 2002 मध्ये सरे परगण्यात मिली डाउलर ही 13 वर्षांची मुलगी शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. घरचे तिच्या मोबाइलवर फोन करत राहिले. व्हॉइसमेल भरून गेला, नवा निरोप घेईना. आणि एक दिवस अचानक पुन्हा निरोप घ्यायला लागला. आईला वाटलं, पोरीने निरोप ऐकले, म्हणजे ती जिवंत आहे! सप्टेंबरमध्ये मिलीचे अवशेष सापडले. 2011 मध्ये खुन्याला शिक्षा झाली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'गार्डियन'ने उघड केलं, की 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी मिलीचा व्हॉइसमेल चोरून ऐकला होता. लोक इतके संतापले की 10 जुलै 2011 ला ते 168 वर्षांचं साप्ताहिक शेवटचा अंक काढून बंद पडलं.

निरोप त्यांनीच पुसले, असं आधी छापून आलं होतं. डिसेंबरमध्ये पोलिसांच्या तपासातून वेगळं पुढे आलं. ऐकलेले निरोप ठरावीक वेळेनंतर आपोआप पुसणारी ती यंत्रणाच होती, आणि बहुधा तिनेच ते पुसले होते. विचार करा. एका यंत्राने जागा मोकळी केली आणि एका आईने त्यात आपल्या लेकीची चाहूल ऐकली. चोरून ऐकण्याचा गुन्हा यामुळे तसूभरही लहान होत नाही. बातमीसाठी बेपत्ता पोरीचा फोन ऐकावासा वाटणं यासारखी शरमेची गोष्ट पत्रकारितेत दुसरी नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या 'जुगाडा'ची मला भीती वाटते. घरातलं पोर गायब झालं की कुणीतरी म्हणतंच, 'अरे, माझा एक मित्र मोबाइल कंपनीत आहे, कॉल डिटेल्स काढून देतो.' नको! 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असे रेकॉर्ड बेकायदा विकणाऱ्यांची टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. आज तुमच्या चुलत बहिणीसाठी उघडणारा हा चोरदरवाजा उद्या कुणाच्या तरी पाठलाग करणाऱ्यासाठीही उघडतो. शिवाय असा चोरीचा कागद कोर्टात उभा राहत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतंच, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या एका निवडणूक वादात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, '24 तास थांबा' हे वाक्य विसरा. 10 मे 2013 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे, की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरूनच तपास सुरू करायचा. कुठल्याही पोलिस ठाण्यात जा, हद्दीचा वाद घालू देऊ नका. 112 आणि लहान मुलांसाठीचा 1098, हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा. रेकॉर्ड तसे लगेच पळून जात नाहीत. कंपन्यांनी ते जपायची मुदत दूरसंचार खात्याने डिसेंबर 2021 मध्ये एक वर्षावरून दोन वर्षं केली. पळून जातो तो वेळ, आणि फोनची बॅटरी.

पोलिसांना देताना नुसता मोबाइल नंबर देऊन थांबू नका. फोनच्या रिकाम्या खोक्यावर आयएमईआय नंबर असतो, म्हणून ते खोकं रद्दीत टाकू नका. तिचा दुसरा नंबर, इन्स्टाचं नाव, कुठल्या मैत्रिणीशी जास्त बोलते, घरच्या लॅपटॉपवर तिचं व्हॉट्सअॅप उघडं आहे का, हे सगळं सांगा. लॅपटॉप उघडा असेल तर लॉगआउट करू नका. शोधाशोध करताना चॅट डिलीट करू नका. आणि घाबरून तिच्या नंबरचं डुप्लिकेट सिम तर अजिबात काढू नका. नवं सिम सुरू झालं की तिच्या हातातलं सिम बंद पडतं, मग टॉवर सापडणार कुठून?

आणि तिच्या फोनवरून 'मी ठीक आहे, शोधू नका' असा मेसेज आलाच, तर सुस्कारा टाकायच्या आधी तो दोनदा वाचा. ती 'आई' लिहिते की 'मम्मी'? टिंबं आहेत? हे असं ती म्हणाली असती? खटकलं तर स्क्रीनशॉट काढा, मेसेज पुसू नका, आणि जुन्या चार मेसेजसकट तपास अधिकाऱ्याला दाखवा. 'साहेब, ही असं लिहीत नाही' हे वाक्य बोलायला लाजू नका. कूल्टहार्ड सरांनी वेगळं काय केलं? हेच वाक्य पुराव्यासकट सांगितलं.

एक मात्र हात जोडून सांगते. हे वाचून आज रात्री धाकटीचा फोन उचकटायला बसू नका. पाळत ठेवलेलं पोर दोन दिवसांत दुसरं अकाउंट उघडतं आणि मग त्याची लिपी आपल्याला दिसायचीच बंद होते. त्यापेक्षा तिने पाठवलेल्या फालतू मीम्सना उत्तर द्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलात तरी 'नंतर बोलतो' एवढं तरी लिहा. तिचं 'ह्म्म' कधी आनंदाचं असतं आणि कधी रडवेलं, हे कुठल्याच मोबाइल कंपनीच्या रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच माहीत असायला हवं.