ब्रेक कुणासाठी?

मोटारसायकलच्या ब्रेकला मी पाना लावला, की आमचे हेडकॅशियर हमखास विचारतात, "कंपनीतले इंजिनिअर काय मूर्ख आहेत?"

मूर्ख मुळीच नाहीत हो! पण त्यांनी पेडल लावलं ते बसलेल्या माणसासाठी. लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर माणूस फूटरेस्टवर उभा असतो. घोटा वेगळा वळतो, जाड बूट गिअरच्या लिव्हरखाली शिरत नाही, आणि पाय ब्रेक शोधतोय तोवर ओढा येतो. मला एकदा तो थेट बुडाखालीच सापडला. (ओढा, ब्रेक नव्हे.)

उपाय एका पान्याचा. लिव्हर शाफ्टवरून काढून एक खाच वर बसवायची, लॉकनट सैल करून ब्रेकचं पेडल जरा उचलायचं. थोडी ढिलाई मात्र ठेवायची, नाहीतर ब्रेक सारखा घासत राहतो. फूटरेस्टचं रबरही काढायचं. चिखलात त्याचा साबण होतो. बसून चालवताना जरा अवघडतं, कबूल. पण हजारो रुपयांचे दिवे आणि पेट्या लावून गाडीचा नवरदेव करणारी मंडळी पायाखालच्या नटाला हात लावत नाहीत!

आणि हेडकॅशियरसाहेब, तुमची खुर्चीही कंपनीनेच बनवलीय. तिच्यावर दोन उशा कुणी ठेवल्या?